घरी कोण कोण?

“आज सुटतीनच का म्याडम? पक्कं सांगा,” हंसाबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

“सुटतील, ताई. आधी दोन घास खाऊन घ्या,” मिताली म्हणाली. सरकारनं नेमून दिलेली वकील असली, तरी अशिलाची बायको सकाळपासून उपाशी बसलेली तिला बघवेना.

हंसाबाईचा नवरा मारोती बारा दिवस आत होता. बोरी अरबच्या बाजारात गाडी लावण्यावरून भांडण झालं आणि त्यानं एकाचा हात मोडला. पहिलाच गुन्हा.

पूर्वी जामीन म्हणजे नशिबाचा खेळ. एका न्यायाधीश साहेबांपुढं जो सुटायचा, तोच दुसऱ्या साहेबांपुढं अडकायचा. वकील मंडळी कायद्यापेक्षा साहेबांच्या मूडचाच अभ्यास जास्त करायची. आता मार्गदर्शक सूचना आल्या होत्या. सगळ्यांना तेच सहा प्रश्न. मितालीला त्याचं मनापासून बरं वाटायचं. आपल्याला काय विचारणार, एवढं तरी गरिबाला आधी कळतं.

पुकारा झाला. मारोतीचे वडील बाबाराव सातबारा घेऊन जामीनदार म्हणून उभे राहिले. आधीचा गुन्हा नाही, शेती आहे, पत्ता पक्का आहे. साहेब एकेक उत्तर लिहून घेत होते. शेवटचा प्रश्न उरला, माणूस पळून तर जाणार नाही?

“घरी कोण कोण असतं?” साहेबांनी विचारलं.

“हे सून हाय, अन् दोन नाती,” बाबाराव म्हणाले. “इले अन् पोरीयले सोडून कुठी जाईन तो?”

साहेबांनी हंसाबाईकडं बघितलं. “खरं आहे?”

“खरं हाय जी,” ती पदराआडून म्हणाली. “आमाले सोडत नाही ते.”

जामीन मंजूर झाला. बाबाराव लगबगीनं कागदांच्या मागे लागले.

हंसाबाई बाहेर येऊन बाकावर मटकन बसली. मितालीचा जीव कळवळला. तिनं पाठीवरून हात फिरवला, तशी हंसाबाई अंग चोरून सरकली.

“बघा ताई, तुम्ही अन् लेकरं घरी आहात, म्हणून काम झालं. तुमच्यामुळंच सुटले ते.”

“घरी कदी येतीन?”

“कागद तुरुंगात पोचायला वेळ लागतो. उद्या दुपार होईल.”

बाबाराव दूर गेलेत ना, ते हंसाबाईनं नीट बघून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “मामाजीले सांगू नका जी. पोरींचे शाळेचे दाखले आजच काढा लागतीन. ते यायच्या आत आमी तिघी गाव सोडतो.”