मधल्या फळीतली एक जागा

पहिला क्वार्टर

"मॅडम, मी डोयानं पाहून राहिलो. तो पोट्टा अख्खं मैदान पयते," संघाचे प्रशिक्षक देवीदास सर म्हणाले, आणि समीक्षानं लॅपटॉप पुन्हा त्यांच्याकडे वळवला.

पुन्हा. सकाळचा सराव सामना संपल्यापासून हेच चाललं होतं.

लीगसाठी भिलाईच्या हॉकी संघात आता एकच जागा उरली होती. सेंटर हाफ. दावेदार दोन. सुशील: चौतिशीचा, जर्सी आठ, गुडघ्याला कायमची पट्टी. आणि मोनू: जवळच्या मरोद्याचा, एकोणीस वर्षांचा, जर्सी सतरा. संध्याकाळी संघ जाहीर होणार होता. ज्याचं नाव नसेल त्यानं हॉस्टेलची खोली सोडायची.

सरांना मोनू हवा होता. आकड्यांना सुशील.

आणि आकडे समीक्षाचे होते.

दुसरा क्वार्टर

ती वाढली भिलाईच्याच नेहरू नगरात, शिकली पुण्यात, आणि खेळाडूंची मोजमापं ठेवण्यासाठी या संघानं तिला परत बोलावलं. वडील स्टील प्लांटमध्ये क्लर्क. मुलगी हॉकीत नेमकं काय करते, हे ते अजून शेजाऱ्यांना समजावून सांगू शकले नव्हते. सरांना तर समजून घ्यायचंच नव्हतं. आधी ते तिला पाठीमागे कॉम्प्युटरबाई म्हणत. आता तोंडावर म्हणत.

प्रत्येक खेळाडू जर्सीच्या आत, जर्सीचाच नंबर छापलेली एक काळी बनियन घालत असे. पाठीवर मानेखाली छोटा खिसा, खिशात काडेपेटीएवढं यंत्र. कोण किती धावला, कुठे धावला, कधी मंदावला, सगळं थेट तिच्या पडद्यावर, प्रत्येक नंबरची वेगळी रेघ. पहिल्या दिवशी तिनं हे सगळं मोठ्या स्क्रीनवर, इंग्रजीतून, चित्रं दाखवून समजावलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. शंका विचारा म्हटल्यावर मागून कोणीतरी चहाची शंका विचारली होती.

तेव्हापासून रोज सकाळी धुतलेल्या बनियनी टोपलीत येत, पोरं आपापली उचलून घेत. समीक्षा तोवर गोलच्या मागे टेबल मांडून बसलेली असे. स्क्रीनवर ऊन पडायला नको म्हणून मैदानाकडे पाठ करून.

सुशीलनं सुरुवातीला फार कुरकुर केली. काचते, दम घुटते, म्हाताऱ्याले कायले बांधता. मग कुरकुर थांबली. तो तिचा पहिला विजय. दुसरा त्याहून मोठा: तिनं त्याची सकाळची जिलेबी बंद केली, खाणं आखून दिलं, आणि दिवाळीपासून आठ नंबरची रेघ चढायला लागली. चढतच गेली. चौतिशीचा माणूस अख्ख्या संघात सर्वांत जास्त धावत होता. ती रेघ तिनं वडिलांनासुद्धा दाखवली होती.

सतराची रेघ मात्र खाली बसली होती. मोनूचं तिला वाईट वाटे. पोरगा भाबडा. पायात सुशीलचे जुने बूट, पुढे कापूस कोंबलेले. हातात सुशीलची जुनी स्टिक. सुशीलभैया पाणी प्यायला की हा पाणी पिणार. पण भक्तीनं जागा भरत नाही.

"मंग मले सुशील कमरेवर हात ठेवून उभा कावून दिसते?" सरांनी विचारलं.

तिनं सांगितलं की उभा माणूस डोळ्यांत भरतो, म्हणून तोच लक्षात राहतो. सराव सामन्यांत दोघं समोरासमोरच्या संघांत, एकाच जागी खेळले. त्याहून सरळ तुलना कोणती? आज सकाळचाच सामना बघा.

सरांनी सामना बघितला होता. तेच तर ते म्हणत होते.

मध्यंतर

"मग मला ठेवलंय कशाला, सर? उन्हात बसून राहायला?"

तिसरा क्वार्टर

सरांनी गळ्यातली शिट्टी काढली, पुसली, परत घातली. त्यातच तो संपला.

चौथा क्वार्टर

"ठीक आहे," सर उठत म्हणाले. "तुमची मशीन खरी. माह्ये डोये म्हातारे झाले."

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला नुसता थकवा आला. एवढी साधी गोष्ट पटवायला अख्खा दिवस जावा, याचा राग तेवढा शिल्लक होता.

संघ जाहीर झाला. सुशीलला पोरांनी खांद्यावर घेतलं. तो खरंच चकित दिसत होता. गुडघा जपा रे, म्हणून ओरडत होता.

समीक्षा वायरी गुंडाळत असताना मोनू टेबलापाशी आला. खांद्यावर बॅग, डोळे लाल. नजर मात्र सरळ.

"दीदी, सर बोले, मेरा दौड़ना कम पड़ गया." मग घरच्या भाषेत, हळू आवाजात, "कुठी कमी पडलो, तेवढं दाखवून द्या ना. पुढच्या वर्षी सुधरवीन."

निदान कोणीतरी नीट विचारत होतं. तिनं लॅपटॉप उघडला, सतराची रेघ काढली, आणि जिथून ती खाली वाकली होती तिथे बोट ठेवलं.

"इथून. दिवाळीपासून."

मोनू वाकून बराच वेळ बघत राहिला. त्याला काही समजलं असं वाटेना. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यानं बॅगेत हात घातला, सकाळच्या घामानं अजून ओली असलेली बनियन काढली आणि घडी करून टेबलावर ठेवली. घडीवर पांढरा आठ होता.

"हे सुशीलभैयाले देऊन द्याल, दीदी. त्याईले काचे, अन् मले मोठ्या मापाची भेटली होती, म्हणून त्याईनं माही ढिली घेतली अन् आपली मले देल्ली. दिवाळीपासून मीच घालून राहिलो."