कडेची घरं

पर्यवेक्षक बाई मागच्या बाकावरून उठल्या, फळ्याशी आल्या आणि सरांनी आखलेल्या चौकोनाला त्यांनी एक आडवी अन् एक उभी रांग जोडून टाकली. दहा-दहा घरांचा चौकोन अकरा-अकराचा झाला. “चालू द्या,” असं म्हणून त्या हाताला लागलेला खडू झटकत परत जागेवर जाऊन बसल्या.

सरांचं डोकं सणकलं. परक्याच्या फळ्याला हात लावायचा नसतो, एवढी साधी रीत या बाईला कोणी शिकवली नव्हती. सातवीच्या वर्गाकडून त्यांनी हा तास आठवडाभर घोटून घेतला होता. नवा अभ्यासक्रम म्हणे शोधाचा. शिक्षकाने उत्तर सांगायचं नाही. मुलांनी चाचपडायचं, चुकायचं, आपसात वाद घालायचा आणि उत्तर स्वतः शोधून काढायचं. सव्वीस वर्षं सरळ रीत सांगून गणित शिकवलेल्या सरांना हा शुद्ध पोरखेळ वाटत होता. पण तास तपासायला आलेल्या या बाईंचा अहवाल वाईट गेला तर त्यांचे वर्ग काढून घेणार होते आणि ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायला बसवणार होते. मुख्याध्यापकांनी तसं तोंडावर सांगितलं होतं. म्हणून सरांनी शोधसुद्धा पाठ करून घेतला.

प्रश्न सोपा होता. चौकोनाच्या कडेची घरं रंगवायची, तर किती घरं रंगवावी लागतील? कोणी कधी डोकं खाजवायचं, कोणी कधी हात वर करायचा, सगळं ठरलं होतं. चूकही ठरली होती, कारण चुकीशिवाय शोध खरा वाटत नाही. एकाने दहा चोक चाळीस म्हणायचं, मग कपाळावर हात मारून ‘अरे हो, कोपरे दोनदा मोजले’ म्हणायचं आणि मॉनिटरने छत्तीस सांगून टाळ्या घ्यायच्या.

ते चुकायचं काम सरांनी शंकासुराला दिलं. तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीला त्यांनीच हे नाव ठेवलं होतं. दर तासाला तिचं ‘पण सर, असं का?’ ठरलेलं, आणि ते ऐकलं की सरांच्या अंगाची लाही व्हायची.

“पण सर, छत्तीस येतात हे मला दिसतंय,” ती तेव्हाही म्हणाली होती.

“दिसतंय ते गिळ. आयुष्यात एकदा तरी सांगितलेलं ऐक.”

पोरं खदाखदा हसली होती. ती हसली नव्हती.

आता फळ्यावर एक रांग वाढली म्हणून काय बिघडतं, असं म्हणून सरांनी तास पुढे रेटला. ठरल्याप्रमाणे दोघांनी डोकी खाजवली. मग सरांनी शंकासुराकडे बोट केलं.

“चाळीस,” ती म्हणाली.

“चूक!” सर गरजले. आठवडाभराची सवय होती.

ती उभीच राहिली. कपाळावर हात नाही, कोपऱ्यांचं नाव नाही. मॉनिटरचा धीर सुटला. “छत्तीस!” तो ओरडला, आणि वर्गाने कडाडून टाळ्या वाजवल्या.

“चाळीसच,” ती म्हणाली.

“खाली बस!” सरांची कानशिलं तापली. कार्टी ऐन वेळी सूड उगवत होती.

“थांबा,” पर्यवेक्षक बाई म्हणाल्या. “ये इकडे. मोजून दाखव.”

ती फळ्याशी गेली. वरच्या ओळीत अकरा, खालच्या ओळीत अकरा. मधल्या बाजूंना डावीकडे नऊ, उजवीकडे नऊ. बोट ठेवून ठेवून तिने मोजली. चाळीस झाली.

सरांनी आता प्रथमच फळ्याकडे नीट बघितलं. अख्ख्या वर्गासमोर, पर्यवेक्षकांसमोर, बरोबर उत्तराला ते चूक म्हणाले होते. सव्वीस वर्षं गेली मातीत. त्यांना शिक्क्यांची शाई दिसायला लागली.

पण बाईंचा चेहरा उजळला होता. “सर, तुम्ही मुद्दाम चूक म्हणालात ना? ती स्वतःच्या उत्तराला धरून राहते का, ते बघायला?”

“अं... हो तर! त्याशिवाय पोराला खरंच कळलंय की नाही, हे कसं समजणार?” बोलता बोलता सरांना कंठ फुटला. “मी नेहमीच असं करतो.”

“हा तास बाकीच्या शाळांना दाखवायला हवा,” म्हणत बाईंनी वहीत झरझर लिहून घेतलं. सरांच्या जिवात जीव आला. त्या उद्धट पोरीबद्दलही त्यांना घटकाभर माया वाटली.

बाई तिच्याकडे वळल्या. “सगळा वर्ग एकीकडे, सरही विरुद्ध. तरी तू हटली नाहीस. एवढं धाडस कुठून आणलंस गं?”

तिने सरांकडे बघितलं. सरांनी हलकेच मान हलवून तिला बसायची खूण केली.

“धाडस कसलं, बाई,” ती म्हणाली. “चुकायचं काम माझ्याकडे होतं आणि सरांनी चाळीसच सांगायला लावलं होतं. रांग तुम्ही वाढवलीत. उत्तर बरोबर आलं, त्यात सरांचा काही दोष नाही.”