आठ मिनिटांचा पेशंट

पाचव्या दारावरचा कागद शार्लीन मेरास्टीने दोनदा वाचला. वाचायला दोन मिनिटं, आत आठ. मग घंटा आणि पुढचं दार. अशी दहा दारं झाली की वैद्यकीय कॉलेजची मुलाखत संपायची. तीनदाच बसता येतं, असा नियम होता. तिची ही तिसरी खेप.

कागदावर लिहिलं होतं: 'श्री. जोसेफ, वय एकाहत्तर. उत्तरेकडे क्री आदिवासींच्या राखीव वस्तीत राहतात. दोन्ही मूत्रपिंडं निकामी. गेल्या महिन्यात तीन वेळा डायलिसिसला आले नाहीत. हा रुग्ण सांगितलेलं ऐकत नाही. त्याच्याशी बोला.'

'ऐकत नाही'पाशी तिचे दात आवळले गेले. ती स्वतः क्री होती. गेले चार हिवाळे अशाच एका वस्तीतून डायलिसिसच्या पेशंटांना शहरात आणणारी व्हॅन चालवत होती.

घंटा झाली. ती आत गेली.

खुर्चीत श्री. जोसेफ बनलेला नट बसला होता. गोरा माणूस, पांढऱ्या केसांची मागे शेपटी बांधलेली. कोपऱ्यात परीक्षक बाई, डॉ. पावलुक, मांडीवर गुणांचा तक्ता घेऊन. त्यांनी मध्ये बोलायचं नव्हतं. शेवटी छापील प्रश्न तेवढा विचारायचा.

"नमस्कार आजोबा. मी शार्लीन."

"आलीस भाषण द्यायला?" नट गुरगुरला. "ते मशीन मला आवडत नाही. आणि मी विसरतो."

"तीनदा विसरलात?"

"म्हातारा माणूस. विसरणारच."

इथे काय म्हणायचं ते तिला पाठ होतं. 'तुम्हाला किती कठीण जात असेल, मी समजू शकते.' या वाक्याला गुण मिळतात, असं सगळेच सांगत. तिने तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं.

"व्हॅन आली होती का?"

"काय?"

"ज्या तीन दिवशी तुम्ही आला नाहीत, त्या दिवशी व्हॅन आली होती का?"

नटाने कोपऱ्याकडे पाहिलं. डॉ. पावलुकांचा पेन तक्त्यावर चालला होता.

"विसरलो म्हटलं ना."

"मशीनवर गेलं नाही की आडवं पडून श्वास घेता येत नाही, आजोबा. पाय इतके सुजतात की बूट चढत नाहीत. हे कोणी विसरत नाही. दोनशे दहा किलोमीटर रस्ता. व्हॅन एक, माणसं नऊ. बर्फाने रस्ता बंद झाला की तुमच्या फायलीत लिहितात, पेशंट आला नाही."

"तू डॉक्टर आहेस की पोलीस?" हे त्याच्या कागदातलं असावं. चिडून म्हणायचं होतं, पण आवाजात चीड आलीच नाही.

"ड्रायव्हर."

नट पुढे झुकला आणि हळूच, स्वतःच्या आवाजात म्हणाला, "बाई, माझ्या कागदात व्हॅनच नाहीये."

"माहितीये. कुणाच्याच कागदात नसते."

डॉ. पावलुकांनी घड्याळ पाहिलं आणि तक्त्यावरचा प्रश्न वाचला, "या रुग्णाने स्वतःच्या तब्येतीची जबाबदारी घ्यावी, म्हणून तुम्ही त्याला काय शिकवाल?"

हवं असलेलं उत्तर शार्लीनला माहीत होतं. माहितीपत्रक, आठवण करून देणारा फोन, कुटुंबाशी बोलणं. अजून अर्धं मिनिट होतं. या तीन गोष्टी बोलली असती तरी निभावलं असतं.

"काही नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "पहाटे चारला, उणे पस्तीसमध्ये, हा माणूस डबा घेऊन दारात उभा असतो. वेळेवर. मीच पोचलेली नसते. आता त्याला आणखी काय शिकवू? शिकवायचंच असेल तर हा कागद ज्याने लिहिला त्याला एक दिवस माझ्या व्हॅनमध्ये बसवा."

नट खाली बघत होता.

घंटा झाली. शार्लीन उठली. घंटेनंतर बोलायचं नाही, हा नियम दोघींनाही लागू होता. तिचा हात दाराच्या मुठीवर असताना डॉ. पावलुकांनी पेन खाली ठेवला.

"आणि रस्ता आठवडाभर बंद राहिला तर? त्या नऊ जणांचं काय होतं?"

शार्लीनने मागे वळून पाहिलं.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "डॉक्टर तुम्ही आहात."