तांबट आळीतलं हिरवं घर

वडक्यांचं घर काल शहराच्या नकाशावर हिरवं झालं, म्हणून आज महापालिकेचा निनाद पेढे घेऊन आला. तांबट आळीतलं हे पहिलंच हिरवं घर. हिरवं म्हणजे सुखी, एवढं आता शाळेतली पोरंही सांगत.

"काकू, इतकी वर्षं तुमचं घर लाल होतं. नेमकं काय सुधारलंत?"

इंदुताई गोंधळल्या. "काहीच नाही हो. गेल्या महिन्यात आमचे हे गेले."

निनादनं घाईघाईनं पेढ्यांचा पुडा मागं घेतला आणि टॅब पाहिला. ठोक्यांचा आवाज थांबलेला, भट्टीचा धूर बंद, माणशी जागा दुप्पट. नकाशाचं कुठंच चुकलं नव्हतं.

"म्हणजे आम्ही दोघं होतो, तेव्हा दुःखी होतो?"

"नकाशात तरी तसंच दिसतंय, काकू." अभिनंदन करावं की माफी मागावी, हे त्याला कळेना.

इंदुताई कोपऱ्यात जाऊन बसल्या. नवऱ्यानं अर्धवट ठोकलेली तांब्याची घागर तिथंच पडून होती. संसारभर त्यांनी घागर फिरवत धरायची आणि त्यानं ठोके घालायचे, अशी वाटणी होती. आज त्यांनी हातोडा उचलला, पण धरायला कुणी नव्हतं.

"ये रे बाळा, जरा धर."

निनाद गोंधळून खाली बसला आणि त्यानं घागर धरली. ठण्ण! ठण्ण! मांडीवरचा टॅब पिवळा पडला, मग नारिंगी.

"काकू, हिरवं गेलं!"

"जाऊ दे," इंदुताई म्हणाल्या. "तू फिरवत राहा."