एकच ताडपत्री

मौद्याहून निघताना बायजाबाईनं अंथरायला भाताचं तणस, सतरंजी, स्टोव्ह सारं बांधलं. ताडपत्री मात्र एकच होती. छप्पनच्या दीक्षेपासून दर दसऱ्याला तिचा नवरा कवडू नागपूरच्या मैदानावर भीमगीतांना ढोलकीची साथ करायचा. पाऊस आला की ताडपत्री ढोलकीवर जायची, कारण भिजलेलं कातडं बोलत नाही. चिखलात भिजत बसून बायजाबाईनं वीस वर्षं त्या सवतीला शिव्या दिल्या. यंदाही पाऊस कोसळला. थकल्या अंगानं तिनं पदर डोक्यावर ओढला, तोच अंगावर ताडपत्री पडली. “घे वं, तूच पांघर,” कवडू म्हणाला. ढोलकी उघडी पाहून ती दचकली. “काहून जी?” “हात ऐकत नाही आता माहे.” त्याच्या हातातली कपबशी खडखडत होती. बायजाबाई चिखलातून उठली, तिनं ताडपत्री ढोलकीभोवती गुंडाळली आणि सवतीला मांडीवर घेऊन पावसात बसली. “सांजपर्यंत ऐकतीन. तुमी चहा प्या.”