गुलाबवाल्याची बायको

बल्गेरियातल्या कझानलाकच्या दरीत दोब्री या शेतकऱ्याने गहू सोडून अत्तराचे गुलाब लावले, त्याला वीस वर्षं झाली. त्याच्या बिनफवारणीच्या गुलाबांच्या अत्तराला पार पॅरिसहून मागणी असायची. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी त्याच्या बायकोने, नेदेल्काने, त्यातलाच एक थेंब कानामागे लावला आणि जेवताना मुद्दाम नवऱ्याला खेटून बसली.

"अहो, काही वेगळं जाणवतंय का?"

"हं. चीज जरा खारट झालंय."

दुसऱ्या दिवशी ती घुश्शातच दह्याच्या थंड सारासाठी वाटण कुटत होती. पहाटेपासून गुलाब तोडून आलेला दोब्री दारातच थबकला. डोळे मिटून त्याने खोल श्वास घेतला.

"नेदेल्का, आज काय लावलंयस गं? जीव वेडावला!"


"लसूण! आणि पुढच्या वर्षी शेतातही तोच लावू."