काटा लाल पट्टीत

तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरला, तसा अभिरामचा आवाज चिरकला. "शर्वाणी, इंजिन जळेल! काहीतरी कर!"

शर्वाणी शांतपणे विमान चालवत राहिली. हे विमान तिने स्वतः बांधलं होतं, पण खाली धावपट्टीवर सत्कार अभिरामचा होणार होता. इंजिनाला वारा मिळावा म्हणून तिने नाकाखाली बसवलेली पत्र्याची पेटी त्याने सकाळीच काढून टाकली होती. फोटोत बेढब दिसते म्हणे! उड्डाणाआधी तिला ते दिसलं होतं आणि ती मुद्दाम गप्प राहिली होती.

"आपला रेडिओ खाली लाउडस्पीकरला जोडलाय. विमान कोणी बांधलं, ते सांग सगळ्यांना."

"आत्ता? वेड लागलंय का तुला?"

"काटा बघ."

त्याने सांगितलं, तिच्या पूर्ण नावासकट.

मग तिने थ्रॉटल मागे ओढला आणि नाक खाली घेतलं. इंजिनावरचा भार उतरला, वेगाचा वारा आत घुसला, काटा हळूहळू मागे सरकला.

"वाचलो," तो पुटपुटला.

"मरत कोण होतं? इंजिन बंद पडलं असतं, तरी इथून तरंगत धावपट्टीवर उतरलो असतो," ती म्हणाली. "बांधणाऱ्याला एवढं ठाऊक असतं."